नाणे मंडळाच्या बैठकीत आजोबांची नाणी न्यायचीत, कशात नेऊ? (बजेट ५०० रु.)

मुलुंडवासी: दादरला आमच्या मंडळाची महिन्याची बैठक असते. यंदा 'घरातली नाणी' मांडायची पाळी माझी. ३५ नाणी आहेत, ९ शिवराया (शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी) आणि बाकी व्हिक्टोरिया ते सहावा जॉर्ज यांचे रुपये. इतकी वर्षं बिस्किटांच्या डब्यात होती. लोकलने जाणार, त्यात पाऊस. आणि लोकांना ती हातात घेऊन पाहता यावीत, असं मनापासून वाटतं. कशात नेऊ?

नाणेवेडा: ५०० मध्ये काही होत नाही. मी २२०० ला सागवानी पेटी घेतली, आत लाल मखमल. पेटी उघडली की सगळे उठून बघायला येतात.

तांबडा पैसा: मखमलीखालच्या गोंदाने चांदी काळी पडते. आणि पीव्हीसीचा अल्बम तर चुकूनही नको. माझे तांब्याचे पैसे दोन पावसाळ्यांत हिरवे, चिकट झाले. मायलरची (पारदर्शक प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्याची) खिडकी असलेल्या पुठ्ठ्याच्या चौकटी घ्या, बजेटात बसतात. स्टेपल मारल्यावर पिना पक्कडीने चपट्या करा, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडा उठतो.

पार्लेकर: पीव्हीसी नको, +१. आणि नेण्याआधी घासू नका! आमच्या काकांनी शिवराया चिंचेने लख्ख केल्या, पण 'श्री राजा शिव' मधला 'शिव' पुसटला. अजून जीव हळहळतो.

नाणेवेडा: महाराजांच्या हातची नाणी चिंचेने घासली?

पार्लेकर: महाराजांच्याच काळातली कशावरून? तोच मजकूर ठेवून शिवराई पुढे पेशवाईतही पडत होती. अक्षरांचं वळण आणि वजन बघावं लागतं.

गिरगाव चौपाटी: सगळे रुपये चांदीचे म्हणून सांगू नका. १९३९ पर्यंतचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात ९१.७ टक्के चांदी. १९४० पासून निम्मीच चांदी, आणि १९४७ चा चक्क निकेलचा. मी एकदा बैठकीत चुकीचं बोलून बसलो होतो.

तांबडा पैसा: चौकटी घ्या. पिशवीत ओल शोषायला सिलिका जेलच्या पुड्या टाका. हाताळू देणार असाल तर कडेनेच धरायला सांगा.

नाणेवेडा: पेटीत ठेवली की कोणी हात लावत नाही.

मुलुंडवासी: सर्वांचे आभार. ठरलं. पेटी नाही, चौकटीही आत्ता नाहीत. फक्त ३ झिजलेल्या शिवराया नेतो, झिपच्या पिशवीत सुती रुमालात गुंडाळून. टेबलावर टॉवेल पसरून हातोहात फिरवणार. आजोबा पाहुण्यांच्या तळहातावरच नाणं ठेवायचे. ५०० मध्ये भिंग आणि छोटा वजनकाटा घेतला, सगळे मिळून वजन करू. रुपये घरीच राहतील.

तांबडा पैसा: तळहाताच्या घामाने तांब्यावर डाग पडतात. निदान आधी सगळ्यांना हात धुऊन पुसायला सांगा.

मुलुंडवासी: हो, ते नक्की सांगतो.

पार्लेकर: वजनं इथे टाका. दोन्ही बाजूंचे फोटोही.

नाणेवेडा: मीही येतोय. पेटी घेऊन येतो, एकदा बघा तरी.