पायाच्या बुरशीला बी३५.३ की बी३५.१?

प्रश्न (नाशिक रोड): मेडिकल कोडिंगसाठी (निदान-उपचारांना ठरलेले कोड लावायला) आलेल्या अमेरिकन पोडियाट्री (पायांच्या डॉक्टरांच्या) चार्टमध्ये निदान नुसतं ‘फंगल फूट’, म्हणजे पायाची बुरशी. खाली सहा नखं घासल्याची नोंद आहे. निदानाचा कोड बी३५.३ पुरेल?

उत्तर: नाही. बी३५.३ बेचक्यातल्या चिखल्यांचा, म्हणजे कातडीचा. नखांना बी३५.१. डॉक्टरांनी दोन्ही लिहिलं तरच दोन्ही लावा. प्रोसिजरचा, म्हणजे नखं घासण्याचा कोड सहा नखांना ११७२१, पाच नखांपर्यंत ११७२०. भेटीला एकदाच, नखागणिक नाही! कोणतं नख, जाडी, दुखणं याची नोंद नसली की विम्याचा क्लेम परत येतो.

दुसरं उत्तर: अंदाज बांधू नका, डॉक्टरांना क्वेरी (लेखी विचारणा) टाका. ‘बुरशी असावी’ हे ओपीडीत कोड होत नाही. कल्चरमध्ये (लॅब तपासणीत) कॅन्डिडा नावाची बुरशी आली तरी निदान डॉक्टरांनीच लिहायला हवं, मग बी३७.२.

प्रश्नकर्ता: क्वेरीत काय विचारू?

दुसरं उत्तर: ‘जागा कातडी, नख की दोन्ही?’ एवढंच. उत्तर सुचवू नका, ऑडिटला तेच खटकतं.