साक्षगंधासाठी फुलं एक रात्र टिकवायची आहेत, कोणी सांगा ना

नमस्कार मंडळी, आम्ही यवतमाळ जिल्ह्यात दिग्रसजवळच्या खेड्यातले. पुढल्या रविवारी लहान बहिणीचं साक्षगंध आहे, घरच्याच अंगणात मांडव, डेकोरेशनवाला तोंडाला येईल तो आकडा सांगतो म्हणून फुलं आपणच आणू म्हटलं. गुलाब अन् जरबेरा शनिवारी दुपारी यवतमाळहून येतील, निशिगंध वावरातला घरचाच. शनिवार दुपार ते रविवार संध्याकाळ हे जगवायचे कसे? मे महिना आहे, टिनं तापली की घरात माणूस टिकत नाही तर फुलाचं काय.

मागच्या आठवड्यात ट्रायल म्हणून पाच जरबेरा अन् सहा गुलाब आणले होते एसटीनं. विळ्यानं दांडे सरळ कापले, गुंडात पाणी घेतलं, दोन चमचे साखर टाकली कारण युट्यूबवर तसंच होतं, आईनं वरून रुपयाचं नाणं टाकलं, अन् मधल्या खोलीत ठेवलं, तिथं जरा थंड असतं, आंबे पिकायला घातलेला माचही तिथंच आहे. सकाळी पाहतो तर जरबेरांनी माना टाकलेल्या, गुलाबाला हात लावला की पाकळ्या खाली, अन् पाण्याला असा वास की गुंड दोनदा घासावा लागला. दोन गुलाब फ्रीजरमध्ये ठेवले होते ते काळे पडले. फ्रिजचा तसाही भरवसा नाही, दुपारी लाइन जाते. काय चुकलं?

प्रतिसाद १: भाऊ, पहिले फुलं माचापासून दूर न्या! पिकत्या आंब्यातून इथिलीन वायू निघते, त्यानंच आंबा पिकते अन् त्यानंच गुलाब लवकर म्हातारा होते. केळीचा घडही जवळ नको.

प्रतिसाद २: साखर फुलाला लागते खरी, पण नुसती साखर म्हणजे जंतूंना पंगतच की. ते वाढले की दांड्यातल्या बारीक नळ्या चोंदतात, पाणी वर चढत नाही, म्हणून मान पडते. १ लिटर पाण्यात १ मोठा चमचा साखर, एका लिंबाचा रस अन् कपड्याचं ब्लीच पाव लहान चमचा, जास्त नाही. घमेल्यात पाण्याखाली धरून धारदार ब्लेडनं इंचभर तिरपा काप घ्या, नाहीतर दांड्यात हवा शिरते. पाण्यात बुडणारी पानं काढून टाका. जरबेराला मात्र दोन-तीन बोटं पाणीच, त्याचा दांडा लवकर सडतो. अन् नाणं आता स्टीलचं असतं, त्याचा काही उपयोग नाही, पण आईला सांगू नका 😄

प्रतिसाद ३: कूलरचा झोत फुलांवर नको, सुकतात. खिडकीला ओलं पोतं टांगा. निशिगंध शनिवारी तोडूच नका, रविवारी पहाटे खालच्या दोन-तीन कळ्या उमललेल्या दांड्या घ्या, तो खालून वर उमलत जाते.

धन्यवाद सगळ्यांना. माच काकांच्या कोठ्यात हलवला. आता आई म्हणते, फुलं वाचतील रे, पण तिथं आंबे पोट्ट्यांपासून कोण वाचवणार?