ढेकळं राहतात तर ॲक्सिलेटर नको, गिअर उतरवा
वर कुणीतरी म्हटलंय की मॅसी ३५ (मॅसी फर्ग्युसनचा जुना ट्रॅक्टर) वर रोटर (माती भुसभुशीत करणारं फिरत्या पात्यांचं अवजार) मारताना ढेकळं राहिली तर ॲक्सिलेटर कमी करून सावकाश चालवा. नाही पटलं. ॲक्सिलेटर उतरवला की चाक आणि पीटीओ (रोटरला फिरवणारा ट्रॅक्टरच्या मागचा शाफ्ट) दोन्ही सारखेच मंदावतात, पात्यांच्या दोन घावांमधलं अंतर तेवढंच राहतं. इंजिन १५०० आरपीएमला ठेवा (तिथे पीटीओ मिनिटाला साधारण ५४० फेरे फिरतो) आणि लो रेंजमध्ये खालचा गिअर टाका, म्हणजे चाक मंदावतं पण पीटीओ तेवढाच फिरतो.

शिवाय या जुन्या मॅसीच्या पीटीओ लिव्हरला ग्राउंड स्पीडचीही खाच असते, तिथे शाफ्ट चाकांच्या चालीने फिरतो. मी एकदा चुकून लिव्हर तिकडे टाकला आणि तासभर रोटरला शिव्या घालत बसलो. ट्रॅक्टर उभा, इंजिन ओरडतंय, शाफ्ट मात्र ढिम्म!