इथेनॉलच्या अनुदानाने धान्य महागतं की नाही?

तृणधान्य:
"जैवइंधनामुळे धान्य महागतं ही अफवा आहे," असं काल इथे कुणीतरी ठोकून दिलं. अफवा? अमेरिकेने २००५ मध्ये पेट्रोलमध्ये इथेनॉलसारखं जैवइंधन, म्हणजे पिकांपासून काढलेलं इंधन, मिसळायची सक्ती आणली, २००७ मध्ये त्याचा कोटा, म्हणजे दरवर्षी मिसळायचं ठरलेलं प्रमाण, वाढवला. आज तिथला साधारण ४० टक्के मका इथेनॉलकडे जातो. २०१२ च्या दुष्काळात मका बुशेलला (साधारण २५ किलोला) ८ डॉलरच्या वर गेला. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या प्रमुखांनी कोटा थांबवा म्हणून जाहीर विनंती केली, तरी सरकार हललं नाही. भाव चढला की गरीब माणूस खाणं कमी करतो, कोट्याला मात्र काटकसर माहीत नाही.

आसवनीतला:
ते वाक्य माझंच आहे आणि मी त्यावर ठाम आहे. मक्यातला फक्त स्टार्च जातो. वजनाचा जवळपास तिसरा हिस्सा प्रथिनांसकट पशुखाद्य म्हणून परत येतो. २०१४ नंतरची काही वर्षं इथेनॉल घटलं नाही, तरी मका ४ डॉलरच्या खाली आला. तो कुणामुळे?

कोंबडीवाला:
परत येतं ते गुरांना चालतं. कोंबडीच्या खाद्यात ते थोडंच घालता येतं, तंतू जास्त. मका भडकला त्या वर्षी माझी शेड अर्धी रिकामी होती.

खंडकरी:
तुमचं भांडण चालू द्या, अनुदान तिसराच खातोय. मी दुसऱ्याच्या जमिनीत मका करतो. भाव चढला तसा मालकाने खंड वाढवला. भाव पडला, खंड तिथेच.

आसवनीतला:
खंडाचा इथे काय संबंध? विषय भरकटवू नका.

खंडकरी:
सरळ संबंध आहे! सरकार हमखास गिऱ्हाईक बांधून देतं, ते जमिनीच्या किमतीत मुरतं. अमेरिकेतली इथेनॉलवरची गॅलनमागे ४५ सेंटची करसवलत २०११ अखेर संपली, तरी इथेनॉलची मागणी टिकली, कारण सक्ती उठली नव्हती.

सातबारा:
मालक म्हणजे दरोडेखोर का? जमिनीचं कर्ज मी फेडतो. परवडत नसेल तर सोडा.

खंडकरी:
सोडू? शेणखत टाकून ती कसदार मी केली. तुम्ही बांधावर तरी कधी आलात?

तृणधान्य:
२०१४ नंतरचा मुद्दा मान्य, तेवढाच. पण पीक चांगलं आलं म्हणून भाव उतरले. पीक बुडेल त्या वर्षी कोटा खाली आणायला तुमची हरकत काय?

आसवनीतला:
दुष्काळापुरता कोटा सैल करा, इतपत कबूल. मग इथेनॉल काढणारी आसवनी बंद राहील तेव्हा आमचे पगार कोण देणार, तेही लिहा.