फाइल उडवली तरी डिस्क भरलेलीच कशी?

लिनक्सवर वीस जीबीची लॉग फाइल (प्रोग्रॅमच्या नोंदींची फाइल) आरएम या फाइल उडवणाऱ्या कमांडने उडवली, फाइलींची यादी देणाऱ्या एलएसमध्ये दिसत नाही, फाइलींनी व्यापलेली जागा मोजणाऱ्या डीयूची बेरीजही कमी झाली, तरी डिस्कवरची मोकळी जागा सांगणारा डीएफ म्हणतो डिस्क १०० टक्के भरलेली. यावर कुणी कचरापेटी रिकामी करा असं सुचवतं, पण टर्मिनलवरून आरएम केलं की कचरापेटीचा संबंधच येत नाही.

लिनक्समध्ये डिरेक्टरीत फक्त नाव आणि आयनोडचा (फाइलची खरी माहिती ठेवणाऱ्या नोंदीचा) क्रमांक असतो. आरएम ते नाव खोडतो, बस. ज्या प्रोग्रॅमने फाइल आधीच उघडून ठेवलीय, तो बिनधास्त तिच्यात लिहीत राहतो आणि तो ती सोडेपर्यंत कर्नल (सिस्टिमचा गाभा) जागा मोकळी करत नाही. डीयू डिरेक्टऱ्या फिरून बेरीज करतो, म्हणून त्याला ती फाइल सापडत नाही. डीएफ थेट फाइलसिस्टिमला विचारतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर!

सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार) लावून एलएसओएफ ही उघड्या फाइलींची यादी देणारी कमांड चालवा आणि पुढे +एल१ द्या, एल कॅपिटल. नाव गेलेल्या पण उघड्या फाइली त्या धरून बसलेल्या प्रोग्रॅमच्या पीआयडीसकट (क्रमांकासकट) समोर येतील. त्या पीआयडीची सर्व्हिस रीस्टार्ट केली की जागा लगेच परत मिळते. सर्व्हर रीबूट करायची अजिबात गरज नाही.

पुढच्या वेळी चालू लॉगवर आरएम नकोच, फाइल न उडवता रिकामी करणारं ट्रंकेट -एस ० वापरा. मात्र प्रोग्रॅम अपेंड मोडमध्ये (नेहमी फाइलच्या शेवटी) लिहीत नसेल, तर एलएस -एल पुन्हा जुनाच अवाढव्य आकार दाखवेल. घाबरू नका, मधली जागा पोकळ असते. खरा वापर डीयूमध्ये बघा.