सेकंड शिफ्टनंतर झोप लागत नाही, कोणत्या सवयी बदलाव्यात?

तळजाईची_वाट:
हिंजवडीत दुपारी १ ते रात्री १० शिफ्ट. कर्वेनगरला पोचायला ११, मग जेवण, १२ ला अंथरुणावर. डोळा लागतो २ ला. उठणं ७ ते ९ कधीही, रविवारी ११. दिवसात चार चहा, शेवटचा रात्री ९ ला. गोळी नको आहे. सुरुवात कुठून करू?

नदीकाठ:
झोपायची वेळ तूर्त सोडा, उठायची बांधा. ८:३० धरा, रविवारीही तीच. झोपेची ओढ जागेपणाच्या तासांवर चढते. ११ ला उठलात तर रात्री १२ पर्यंत १३ तासच भरतात. ८:३० ला उठल्यावर साडेपंधरा. रविवारची रात्र सगळ्यात वाईट जाते ती यामुळेच. उठल्यावर अर्ध्या तासात गच्चीवर किंवा रस्त्यावर २० मिनिटं उजेडात काढा. खोलीतला ट्यूबलाइट काहीशे लक्सचा, बाहेर पावसाळी सकाळीही हजारांत असतो. शरीराचं घड्याळ लागतं ते त्या उजेडावर.

आणि तो ९ चा चहा! कॅफिन निम्मं व्हायला साधारण ५ तास लागतात, म्हणजे रात्री २ ला अर्धा कप अजून अंगात. शेवटचा चहा ४ च्या आत घ्या. ग्रीन टी, कोला यांतही कॅफिन असतं. चारही कप एकदम तोडू नका, डोकं धरतं. तीन दिवसांनी एक कमी करा.

दुलई:
+१. पण खरं नुकसान १२ ते २ नुसतं पडून राहण्यात आहे. अंथरूण म्हणजे तळमळ, हे डोक्यात पक्कं बसतं. पापण्या जड झाल्याशिवाय आडवंच व्हायचं नाही. अंदाजे २० मिनिटांत झोप नाही आली तर उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसा. कपड्यांच्या घड्या घाला, मेथी निवडा, मोबाइल नको. घड्याळ भिंतीकडे फिरवून ठेवा, वेळ बघितली की हिशेब सुरू होतो.

सध्या २ ते ८:३० एवढंच अंथरूण वापरा. पटकन झोप लागू लागली की दर आठवड्याला १५ मिनिटं अलीकडे सरका. पहिल्या चार-पाच रात्री त्रास वाढतो आणि बहुतेक जण तिथेच सोडतात. त्या दिवसांत पेंगुळलेलं असताना दुचाकी चालवू नका. फिट येण्याचा किंवा बायपोलरचा त्रास असेल तर हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

माळ्यावरची_खोली:
मुख्य जेवण डब्यातून ८ ला ऑफिसातच उरका. घरी आल्यावर फार तर मऊ भात. ११:३० ला भरपेट जेवून आडवं झालं की आंबट वर येतं. घरी पोचल्यावर १० मिनिटं कोमट पाण्याने अंघोळ करा: हातापायांकडे रक्त वळतं, उष्णता बाहेर पडते, आतलं तापमान उतरतं आणि झोप येते. वरचा मजला असेल तर एप्रिल-मेमध्ये स्लॅब रात्रभर तापलेला राहतो. पश्चिमेच्या खिडक्या दुपारी बंद, रात्री जाळी लावून उघड्या.

तळजाईची_वाट:
धन्यवाद. घरचे म्हणतात मी घोरतोही. त्याचा संबंध आहे का?

दुलई:
नुसतं घोरणं वेगळं. मधेच श्वास थांबून दचकल्यासारखा परत सुरू होतो का, हे घरच्यांना बघायला सांगा. तसं होत असेल किंवा दिवसा बसल्या जागी डुलकी लागत असेल तर कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन स्लीप स्टडी करून घ्या. ती तपासणी आधी. चहा आणि अंथरुणाचे नियम त्यावर इलाज नाहीत.