पाय दारात अडतात तेव्हा

ताई, यजमानांचे पाय दारातच जमिनीला चिकटल्यासारखे होतात आणि तुम्ही हात धरून ओढता, असं लिहिलंत. ओढू नका, तोल जातो. आमच्या ह्यांना पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात, होऊन नऊ वर्षं झाली. फोंड्याच्या घरी उंबऱ्याअलीकडे मी लाल चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारल्यात. रेघ ओलांडायची म्हटलं की पाऊल उचललं जातं. मेंदूत डोपामाइन, म्हणजे हालचालीला लागणारं रसायन, कमी पडलं की सवयीची चाल अडते, पण डोळ्यांपुढची खूण किंवा कानावरचा ताल पुष्कळदा मदतीला येतो.

तालाचं आम्हाला देवळात कळलं. हातात टाळ धरवत नाही म्हणून हे भजनाला जायचेच बंद झाले होते. मंडळातले दोघे घरी आले, म्हणाले, "भाऊ, टाळ राहू दे, तुम्ही बसा फक्त." परतताना एक जण "विठ्ठल विठ्ठल" म्हणत पुढे चालला आणि हे त्या ठेक्यावर न अडखळता घरापर्यंत आले. मी दारात उभी राहून रडले.

लेव्होडोपाची, म्हणजे डोपामाइनची उणीव भरून काढणारी, गोळी हुमण-भाताच्या अर्धा तास तरी आधी द्या, मासळीतली प्रथिनं गोळीच्या आड येतात. नेमकी वेळ डॉक्टरांना विचारा. आणि शेजारीण तासभर बसते म्हणाली, तर नको म्हणू नका. त्या वेळात मी झोपते.